कूलरच्या ओट्यावरचा समुद्र

मी सदतीस वर्षे पाण्यातून क्षार काढण्याचे काम केले. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात बॉयलर होता आणि त्याला लागणारे पाणी निर्मळ ठेवणे ही माझी जबाबदारी होती. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मी घरी गाळलेल्या पाण्यात स्वतःच्या हाताने मीठ कालवू लागलो. या वर्तनाचे स्पष्टीकरण पत्नीने अनेकदा मागितले. समाधानकारक उत्तर मला अद्याप देता आलेले नाही.

कारण मात्र सांगता येते. रक्तदाब तपासण्यासाठी मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात जात असे. तेथे बाहेरच्या खोलीत समुद्री माशांची टाकी होती. एके दिवशी डॉक्टरांना उशीर झाला आणि मला पाऊण तास त्या टाकीसमोर बसावे लागले. आत गेल्यावर डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, आकडा पाहिला, पुन्हा आवळला.

"आज दाब अगदी बरोबर आहे. काही नवीन सुरू केलंत का?"

"मी काही केले नाही. उशीर तुम्ही केलात. मी मासे पाहिले."

त्यानंतर मी दोन महिने वाचन केले आणि नोव्हेंबरात शंभर लिटरची काचेची टाकी घरी आणली.

आमचे घर शहराच्या कडेला, बेशात आहे. हॉलमध्ये खिडकीखाली सिमेंटचा पक्का ओटा आहे. पाणी, वाळू आणि दगड मिळून टाकीचे वजन दीड क्विंटलच्या पुढे जाते आणि ते पेलणारी दुसरी जागा घरात नव्हती. ओटा रिकामा होता. मी तो मोजला, पातळी तपासली, टाकी ठेवली. हा ओटा मुळात कशासाठी बांधला होता, हे त्या थंडीत मला आठवले नाही. कूलर तेव्हा गच्चीवरच्या खोलीत पोत्यात गुंडाळलेला होता. नागपुरात राहून कूलर विसरणे हा अक्षम्य अपराध आहे. तो मी पूर्ण शुद्धीत केला.

पत्नीची पहिली हरकत वेगळीच होती. समुद्री टाकीचे मीठ पिशवीतून आले तेव्हा ती म्हणाली, "मीठच टाकायचं होतं तं आपल्या डब्यात कमी होतं का जी?"

"हे वेगळे मीठ आहे. यात समुद्रातले सगळे क्षार असतात."

"सदतीस वर्षं तुम्ही ते काढून राहिले होते न?"

"होय."

"मग तेच भरून आणायचे होते घरी. फुकट मिळाले असते."

नवी टाकी पहिले सहा आठवडे माशांविना ठेवावी लागते. घाण पचवणारे जिवाणू आधी दगडांत आणि वाळूत वस्तीला यावे लागतात. त्यांना अन्न म्हणून मी कोळंबीचा एक तुकडा पाण्यात सडत ठेवला. मी दर दोन दिवसांनी पाणी तपासून वहीत नोंद करीत असे. दिसण्यासारखे त्यात काही नव्हते.

तरी पाहणारा एक येत असे. आमचा शेजारी पूर्वी कंपनीच्या बसचा चालक होता. एकवीस वर्षे मी त्याच्या बसने हिंगण्याला गेलो. तो मला अजून साहेब म्हणतो. त्या शब्दात आता आदर किती उरला आहे, याची मी चौकशी करीत नाही. तो रोज संध्याकाळी येऊन खुर्ची ओढून टाकीपुढे बसे.

"साहेब, आज काय दाखवून राहिले?"

"पाणी."

"कालही पाणीच होतं जी."

"कालच्यापेक्षा आज चांगले आहे."

तो पाच मिनिटे निरखून पाही. मग आत आवाज देई, "वहिनी, कोळंबी चांगली सडली. मसाला काढा!"

जानेवारीत दोन मासे आणले. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, लांबी अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. या जातीत मोठी ती मादी आणि लहान तो नर असतो. नर तिच्या मागेमागे फिरतो. मादी मेली तर नरच काही काळाने मादी होतो. ही माहिती मी पत्नीला कोणतीही टिप्पणी न करता दिली.

"बराबर आहे," ती म्हणाली. "घर तं कोणी चालवलं पाहिजे न."

तेव्हापासून दाणे घालण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले.

फेब्रुवारीत काच साफ ठेवण्यासाठी चार गोगलगायी आल्या आणि त्यांच्यामागून प्रवाळाचे दोन तुकडे. एक बोटांसारखा, दुसरा हिरव्या बटणांच्या ताटव्यासारखा. शेजाऱ्याच्या उजव्या हातात मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी आहे. त्याने आळीपाळीने टाकीकडे आणि अंगठीकडे पाहिले.

"हे पोवळंच का जी?"

"त्याच कुळातले. हे जिवंत आहे."

"आणि माझ्यातलं?"

"तो सांगाडा आहे."

"म्हणजे बारा वर्षं मी बोटात मढं घालून फिरून राहिलो?"

त्याने अंगठी काढली नाही, पण त्या दिवशी चहा डाव्या हाताने प्याला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पत्नीने कूलर गच्चीवरून खाली उतरवून घेतला. जाळ्यांत वाळ्याची नवी खस भरली आणि दोन माणसांनी तो हॉलमध्ये आणला. ते ओट्यापाशी येऊन थांबले. मी थांबलो. पत्नी थांबली.

"आता याले कुठं ठेवू?" ती म्हणाली. "माशांच्या डोक्यावर?"

भरलेली टाकी हलवता येत नाही. रिकामी केली तर पाच महिन्यांचे काम संपते आणि आतले जीव तेवढा वेळ बादलीत काढू शकत नाहीत. हे मी तिला मुद्देसूद सांगितले. कूलर खिडकीत असला तरच बाहेरची कोरडी हवा ओढतो. तो खोलीच्या मधोमध ठेवला तर तीच ओली हवा फिरवत राहतो, अंग चिकट होते आणि माणूस उकडून निघतो. हे तिने मला मुद्देसूद सांगितले. दोघांचेही म्हणणे खरे होते.

ती बराच वेळ टाकीपुढे उभी राहिली. मोठी मासोळी तिला पाहून काचेपाशी आली होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "या उन्हाळ्यात मी उमस काढते. पण सांगून ठेवते. एक जरी मेला तं टाकी खाली करायची आणि माझा कूलर खिडकीत."

मी अट मान्य केली आणि तिच्यासमोर वहीत लिहून घेतली: 'एकही जीव दगावल्यास टाकी काढण्यात येईल.' लेखी नसलेली अट पाळताना माणूस पळवाटा शोधतो. मला माझा स्वभाव माहीत आहे.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला गेला. टाकीवर मी एक छोटा पंखा बसवला होता. वाऱ्याने पाणी उडते आणि उरलेले थंड होते. कूलरचे तत्त्व तेच आहे. रोज तीन लिटर पाणी उडे. पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून भरपाई फक्त गाळलेल्या गोड्या पाण्याने, मोजून करायची. नळाचे पाणी त्यात कधीही घालायचे नाही, कारण त्यात क्लोरीन असतो. हा नियम मी पत्नीला सांगितला होता, शेजाऱ्याला सांगितला होता आणि मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीच्या चौकटीवर चिकटवला होता.

सकाळी सहाला नळ येतो. त्या तासात बेशातले प्रत्येक घर पाइप घेऊन कूलर भरत असते. त्या दिवशी मी आधी बेडरूममधला दुसरा, लहान कूलर भरला आणि हॉलच्या मधोमध ठेवलेला भरायला पाइप ओढत आलो. खिडकी उघडी होती. कुंपणाच्या भिंतीपलीकडे शेजारी त्याचा कूलर भरत होता.

"साहेब, समुद्र जिवंत आहे का?"

"आहे."

"मी काय म्हणतो, रोज गाळलेलं पाणी कायले वाया घालवता? नळाचं टाकलं तं काय होते?"

प्रश्न मूलभूत होता. मी खिडकीशी उभा राहून उत्तर द्यायला सुरुवात केली. प्रथम बाष्पीभवन सांगितले, मग क्षारांचे प्रमाण. क्लोरीनचा मुद्दा अर्ध्यावर आला असताना पाय ओले झाल्याचे जाणवले. शेजारी माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता.

"साहेब," तो हळू म्हणाला, "पाइप कुठं टाकला जी?"

ज्या ओट्यावरच्या कूलरमध्ये मी इतके उन्हाळे पाइप सोडला, त्याच ओट्यावरच्या टाकीत हाताने सवयीने तो सोडला होता. टाकी काठोकाठ भरून वाहत होती. चौकटीवरचा कागद माझ्या नाकासमोर होता.

पत्नी स्वयंपाकघरातून आली. तिने टाकी पाहिली, पाइप पाहिला, मला पाहिले. मग ती बाहेर गेली आणि तिने नळ बंद केला.

नोकरीच्या सवयीने मी हायपोचे खडे घरात ठेवतो. ते क्लोरीन मारतात. ते विरघळवून मी लगेच टाकीत ओतले. क्षारता लिटरमागे पस्तीस ग्रॅम असावी लागते. सत्तावीस भरली. ती एकदम वाढवली तरीही जीव मरतात. खारे पाणी तयार करून आठ-नऊ दिवसांत, तांब्यातांब्याने बदल करायचा होता. त्यासाठी दोन ड्रम लागणार होते आणि मीठ ढवळायला माझ्याकडे पंप एकच होता.

पत्नीने हॉलमधला कूलर बंद केला. त्याचा पंप काढला, तीन पाण्यांनी धुतला आणि माझ्या हातात दिला.

"आज पंचेचाळीस आहे," मी म्हणालो.

"मले दिसते," ती म्हणाली. "मीठ किती टाकायचं ते सांगा."

शेजारी फाटकातून न येता भिंतीवरून आला. पासष्टाव्या वर्षी हे करू नये. मीठ दिवसभर ढवळावे लागते, म्हणून दिवसभर आम्ही तिघे बिनकूलरच्या हॉलमध्ये बसलो. शेजारी वर्तमानपत्राने वारा घेत होता. मासे तळाशी जोरजोराने श्वास घेत होते. बोटांचे प्रवाळ आक्रसून काडीएवढे झाले होते. बटणे सगळी मिटली होती.

"साहेब, एक विचारू?" दुपारी शेजारी म्हणाला. "बॉयलरमध्ये कोणी असं पाणी सोडलं असतं तं तुम्ही काय केलं असतं?"

"त्याला घरी पाठवले असते."

"आणि आता?"

"मी आधीच घरी आहे."

पत्नी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मी नोंद करायला वही उघडली, पण काय लिहावे ते सुचले नाही.

चौथ्या दिवशी एक गोगलगाय काचेवरून सुटून वाळूत पडली. मी ती बाहेर काढून हुंगली. वासाबद्दल संशय राहिला नाही. पत्नी तेव्हा कपडे घडी करत होती. मी वही घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

"एक गोगलगाय दगावली. अटीप्रमाणे टाकी काढावी लागेल."

"गोगलगाय?"

"होय."

"मी मासा म्हटलं होतं."

"नोंद 'जीव' अशी आहे."

"नोंद तुमची आहे जी. मी कुठं सही केली?"

"तू 'एक जरी मेला' म्हणाली होतीस. त्यात गोगलगाय येते."

"तुम्हाले टाकी काढायची आहे का?"

हा प्रश्न वहीत नव्हता. मी वही मिटली. तिने माझ्या बनियनची घडी घातली, मग दुसऱ्याची.

"पाणी पह्यले बराबर होऊ द्या," ती म्हणाली. "मग सांगते."

पुढचे पाच दिवस निर्णय प्रलंबित राहिला. मी सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत होतो. तिच्यापाशी विषय काढला नाही. ज्या कामाचा शेवट आपल्या हातात नाही ते नेटकेपणाने करणे, एवढेच मला येते. टाकीपुढच्या खुर्चीवरून उठायला मात्र रोज थोडा अधिक वेळ लागू लागला.

नवव्या दिवशी सकाळी क्षारता पस्तीस भरली. बटणांतली सात उघडली होती. बोटांनीही टोके बाहेर काढली होती. मी पत्नीला बोलावले. तिने डब्यातून चिमूटभर दाणे पाण्यात सोडले. मोठी वर आली, धाकटा तिच्या मागे आला. तिने वाकून आत पाहिले आणि काचेवरून बोट फिरवले.

"काच हिरवी होऊन राहिली," ती म्हणाली.

"तीनच गोगलगायी आहेत. त्यांना पुरत नाही."

"मग चौथी काहून नाही आणली?"

मी तिच्याकडे पाहिले. तिच्या मानेवर घामोळे उठले होते. खोलीत हवा म्हणून काही नव्हतेच.

"कूलर?" मी विचारले.

"पाऊस काय येणारच नाही का? जा आता. दुकान दुपारी बंद होते."

मी तोंडाला दुपट्टा बांधला, पाण्याचा डबा घेतला आणि स्कूटर बाहेर काढली. भिंतीपाशी शेजारी उभा होता.

"साहेब, या उन्हात कुठं निघाले?"

"गोगलगाय आणायला."

त्याने आत जाऊन आपला दुपट्टा आणला, डबा माझ्या हातातून घेतला आणि मागे बसला.

"हळू चालवा," तो म्हणाला. "येताना सवारी नाजूक आहे."