सायीच्या रंगाची बैठक

तीन स्थळं येऊन गेली आणि तिन्ही ठिकाणांहून एकच निरोप आला, मुलगी रंगानं कमी आहे. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, रोज बसनं वाशीमला जाऊन एका कचेरीत नोकरी करत होते आणि घरात सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. तरी तिसऱ्या निरोपानंतर दोन दिवस मी नीट जेवले नाही. राग होता, आणि रागाखाली लाज होती. ती लाज कशाची, हे मला आजही सांगता येत नाही.

आईनं मात्र वेगळंच निदान काढलं. तिच्या मते दोष बैठकीच्या खोलीचा होता. आमची बैठक पोपटी होती, बाबांनी हौसेनं रंगवून घेतलेली.

"भितीचा रंग तुह्या तोंडावर पडते," ती म्हणाली. "त्याच्यानं तू आहे त्याहून काळी दिसतं."

नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात. आमच्या घरी मुलगी पसंत पडेना, तर भिंत वाईट. मी हे तिच्या तोंडावर म्हणालेही. ती हसली नाही. चौथं स्थळ दोन आठवड्यांवर आलं होतं.

एका सोमवारी ती माझ्याबरोबर वाशीमला आली आणि कचेरीच्या आधी मला रंगाच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार वयस्क होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी रंगांच्या पट्ट्यांचा जाडजूड गठ्ठा पुढे ठेवला. आईनं तो उचलला, मला पायरीवर उजेडात उभं केलं आणि साडीवर ब्लाउजचं कापड जुळवून बघावं तशी एकेक पट्टी माझ्या गालाला लावून बघू लागली. पांढराशुभ्र लावला, मान हलवली. पिवळट लावला, म्हणाली, "यानं बिमार दिसते." गुलाबीकडे तिनं नीट पाहिलंही नाही. तेवढ्यात रस्त्यावरून माझ्या कचेरीतले दोघं गेले. मी आपली चपलांकडे बघत राहिले.

चाचांच्या लक्षात आलं असणार. "बाई," ते हळूच म्हणाले, "भितीचा रंग खिडकी पाहून घेत असतात, पोरगी पाहून नाही. उजेड कोणीकून येते?"

खिडकी पूर्वेला आहे, असं आईनं सांगितलं. पट्टी मात्र गालावरून काढली नाही. शेवटी जो ठरला तो तापवून गार केलेल्या दुधावरच्या सायीसारखा होता. पांढरा म्हणावा तर नाही, पिवळा म्हणावा तर तोही नाही. चाचांनी मशीनवर तो बनवून दिला.

आठवडाभर आईनं स्वतः भिंती घासल्या. रंगारी एक हात मारून गेला की ती मला खुर्चीत बसवायची, सकाळी एकदा आणि दुपारी चारला एकदा, कारण पाहुणे कधी येतील याचा नेम नव्हता. खुर्ची वीतभर सरकवायची, पडदा ओढायची, लांब जाऊन पुन्हा बघायची. दुसरा हात वाळल्यावर मी एकटीच आरसा घेऊन तिथे बसले. चेहरा खरंच उजळ दिसत होता. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून रडू आलं.

पाहुणे आले ते दुपारी एकला. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा बरा होता, माझ्या कामाबद्दल त्यानं दोन प्रश्न विचारले. पोहे झाले. त्याची आई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होती, मग तिनं भिंतीकडे बघितलं. तिनंही घरं रंगवली असतील.

"बाई, चाल," ती मला म्हणाली. "जरा बाहेर उनात उभी राह्य. नव्या रंगाच्या घरात काही समजत नाही."

आणि मी उठले. घरातला सगळ्यांत मोठा आवाज माझा, पण मी उठले आणि पदर सावरून चपला शोधू लागले.

आई दारात येऊन उभी राहिली. "ते नाही होत," ती म्हणाली. "पाहायचं असन तं इथंच पाहा. नाही तं चहा घ्या अन् निघा."

चहा तसाच राहिला. बाबा खाली मान घालून त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेले. मी कपबश्या उचलत होते. स्थळ चांगलं होतं, आता आई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. माझ्या खुर्चीत बसली आणि गुडघे चोळू लागली.

"मले उभं केलं होतं," ती म्हणाली. "तुह्या बाबाच्या घरच्यांनी. चैताचं ऊन होतं."

"किती वेळ?" मी विचारलं.

"घाम येईपर्यंत. पावडर उतरते का, ते पाहून राह्यले होते."