सहा गोळे आणि माझी सही

हे किस्से मला याच क्रमाने आठवतात, पण ते याच क्रमाने घडले का, ते विचारू नका. बायको म्हणते, पूर आधी आला आणि बॅनर नंतर लागला. तिचंच बरोबर असेल. धातुशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या मला कालची भाजी आठवत नाही, तिथे काय! पण एखाद्या ठिकाणी दर रविवारी जात राहिलं की किस्से गंजासारखे धरतात. एक थर खरवडावा, तर खाली दुसरा.

आमचं ठिकाण म्हणजे बदलापूरला नदीकाठी ठेवलेली एक युद्धनौका. छोटीशीच. समुद्रावरची नोकरी संपल्यावर तिला ट्रेलरवरून आणलं, सिमेंटच्या ओट्यांवर बसवलं आणि म्युझियम केलं. देखरेखीला सावंत, नौदलातून निवृत्त झालेले. तिथे ते कॅप्टन नव्हते, इथे सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. झाडलोट आणि पॉलिश चामटोलीच्या सुमनमावशींकडे. आणि मी, अंबरनाथचा रिटायर्ड माणूस, मानद तांत्रिक सल्लागार. मानद म्हणजे चहा मिळतो.

*

उद्घाटनाआधी सावंतांना तोफेजवळच्या कपाटात, अगदी मागे अडकलेला, एक तोफगोळा सापडला. हातभर लांब. खाली पितळी नळकांडं, वर लोखंडी टोक.

"डॉक्टर, रिकामा आहे ना?"

मी त्याचं बूड पाहिलं. तोफेची पिन जिथे आपटते तिथे खड्डा होता. पिन आपटली म्हणजे उडाला, उडाला म्हणजे रिकामा. मी तसं लिहून दिलं, "प्रदर्शनास निर्धोक," आणि खाली ऐटीत सही ठोकली.

एकटा गोळा रॅकमध्ये बरा दिसेना. म्हणून सावंतांनी तो उल्हासनगरच्या किशनभाईंना नमुना म्हणून दिला आणि तसेच आणखी पाच करायला सांगितले. किशनभाईंचं लेथचं दुकान. महिन्याभरात सहा गोळे आले, रॅक भरला, टाळ्या वाजल्या.

पंधरा दिवसांनी आंघोळ करताना माझ्या हातातला तांब्या थांबला. उडालेल्या गोळ्याचं टोक निघून जातं! याचं टोक तर जागेवर होतं. म्हणजे पिन आपटली, पण गोळा उडालाच नाही. म्हणजे आत सगळं तसंच!

कसेबसे कपडे चढवून रिक्षाने म्युझियम गाठलं. खड्डा असलेला गोळा वेगळा काढायचा, एवढंच काम. सगळे एकेक करून उलटे केले.

सहाही गोळ्यांना खड्डा होता.

किशनभाईंना फोन केला. "अरे साईं, कॉपी म्हणजे कॉपी! खड्डापण टाकला, आत वाळू भरून वेटपण सेम केला. खुश?"

"पण यातला जुना कोणता?"

"ओळखून दाखवा!" म्हणाले आणि हसत फोन ठेवला.

*

सावंतांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सरावाचा गोळा असणार. तो भरलेला नसतो. जहाज देताना सगळं उतरवून घेतात हो."

"आणि हा राहिला असला तर?"

"हे बघा डॉक्टर, तुम्ही कळवलंत की उद्या इथे टाळं. माझी नोकरी गेली, मावशींची गेली. आणि राहिला असला तर, सही तुमची आहे."

मी कुठेच कळवलं नाही. त्याचा अभिमान नाही. तेव्हापासून दर रविवारी मी रॅकसमोर उभा राहून गोळ्यांवर नजर ठेवू लागलो. नजरेने स्फोट थांबतो असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, हे मलाही माहीत आहे.

*

मे महिना. जिना चढून डेकवर आलो तर सहाही गोळे रणरणत्या उन्हात ओळीने झोपवलेले!

"मावशी! हे काय?"

"चिच लावून घासलं. मंग वालवाया नको?"

"अहो, तापून फुटलं तर?"

सुमनमावशींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पितल कदी उनानं फुटतंय का? एवढं शिकलाव नि इतकं ठावं नाय?"

मग त्यांनी माझ्या गुडघ्यांइतक्याच जुन्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी मला औषध विचारलं. डॉक्टर म्हणतात ना मला.

*

शाळेची सहल आली होती. एका मुलीने विचारलं, "आजोबा, हे खरे आहेत का?"

मुलांशी खोटं बोलायला मला जमत नाही. मी म्हणालो, "पाच खोटे आहेत. एक खरा."

बाई उत्साहाने पुढे आल्या. "ऐकलंत ना मुलांनो? चला, वाजवून बघा आणि खरा कोणता ते ओळखा!"

चाळीस मुलं. प्रत्येकाने सहाही वाजवले. एकाने तर डब्याच्या झाकणाने!

*

एक पुढारी आले. त्यांना खांद्यावर गोळा घेऊन फोटो हवा होता. गोळा त्यांच्या हातून पडू नये म्हणून दुसरं टोक मी धरलं. फोटोत सगळे हसताहेत, माझे डोळे मिटलेले आहेत. आठवड्यात अंबरनाथला बॅनर लागला. माझ्या चेहऱ्याखाली लिहिलं होतं, "ज्येष्ठ स्फोटकतज्ज्ञ."

तिसऱ्या दिवशी मोरिवलीचा एक गृहस्थ रिक्षातून लाल सिलिंडर घेऊन दारात. "काका, भंगारात मिळाला. फुटेल का, जरा बघता?"

मी बायकोला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो. शेजाऱ्यांनी पाहिलं. ते आग विझवायचं सिलिंडर होतं.

*

पुराच्या वर्षी नदी ओट्यांपर्यंत चढली. आम्ही आवराआवर करत होतो तोच रस्ता बंद झाला. मी केबिनमध्ये सहा गोळे गोधडीत गुंडाळून बसलो. सावंत मात्र पांढरा गणवेश चढवून डेकवर!

"डॉक्टर, जहाजाखाली पाणी! किती वर्षांनी!"

"पाणी अजून वाढलं तर तरंगेल ना?"

"तरंगेल कसं? ओट्यांना बोल्ट मारलेत. तुमचाच सल्ला!"

*

सात वर्षं अशी गेली. मग माझ्या हृदयाचा रिपोर्ट बघून खऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, कसलं टेन्शन घेता?" घरी न जाता मी सरळ पोलीस ठाण्यात गेलो आणि माझ्या सहीसकट सगळं लिहून दिलं.

बॉम्बशोधक पथक आलं. म्युझियम रिकामं केलं, एक्स-रे काढले. तासाभराने अधिकारी हसत बाहेर आले. "काका, घरी जाऊन झोपा. सहाहींमध्ये वाळू आहे."

"मी काय सांगत व्हते?" सुमनमावशी म्हणाल्या. सावंतांनी पेढे आणवले. मी एक पेढा तोंडात टाकला आणि बोटांवर मोजायला लागलो. पाच नवे, एक जुना. आणि वाळू सहाहींत?

पेढा तसाच गालात धरून उल्हासनगर गाठलं. किशनभाई दुकान बंद करायच्या तयारीत होते.

"जुना गोळा? तो तर इथेच आहे, साईं! जरासा वाकडा होता, लाइनीत शोभला नसता. म्हणून सहाही फ्रेश बनवून दिले. तुम्ही ओळखलंच नाही!"

"इथे म्हणजे कुठे?"

त्यांनी उंबऱ्याकडे बोट केलं. "शटर पूर्ण खाली गेलं की जाम होतं. म्हणून रोज खाली हा आडवा ठेवतो. शटर येऊन बरोबर त्याच्यावर थांबतं. थांबा, दाखवतो."

आणि त्यांनी शटरला हात घातला. मी त्यांच्या दंडाला अक्षरशः लोंबकळलो.

रात्रीच पथकाने तो गोळा तपासायला नेला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच अधिकाऱ्यांचा फोन आला. या वेळी ते हसत नव्हते. गोळा भरलेला होता.