बोटभर आखूड

…तर मी त्या पेटीसमोर दोन्ही हात पसरून उभा, आणि पेटीतली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे."

काल इथंच थांबलो होतो ना आपण? अहो, पायाखालची फरशीच सरकली माझ्या! समोरच्या पडद्यावर माझं अख्खं ध्यान, पोटासकट, आणि डाव्या पायावर लाल रेघ. मागं रांगेतली माणसं आधी पडद्याकडे बघतात, मग माझ्या पायाकडे. एक जण म्हणाला, "आजोबा, जोडी जमवताना गडबड झाली वाटतं!"

दुकान आमच्या मास्तरचं. हा मास्तर म्हणजे शिंपी. गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर. तिथं त्यानं गुरुजींच्या कोटाचं फाटकं अस्तर मधल्या सुट्टीत शिवून दिलं, तेव्हा पोरांनी त्याचाच मास्तर करून टाकला. पुढं दुकान थाटलं. तोंडात टाचण्या, कानावर खडू, गळ्यात टेप. छातीचा आकडा दुकानभर ऐकू जाईल असा सांगायचा, आणि पोटाचा मात्र टाचण्यांतून स्वतःशीच पुटपुटायचा. त्यामुळं आमच्या गल्लीतला प्रत्येक पुरुष त्याच्या दुकानातून पहिलवान होऊनच बाहेर पडे.

आता त्याच्या मुलानं ही पेटी, म्हणजे मापं घेणारा कॉम्प्युटर, आणलेला. माणूस उभा राहिला की चहूबाजूंनी फोटो, पडद्यावर मापं, आणि मापं परस्पर कारखान्यात. सकाळीच मुलानं बजावलं होतं, "बाबा, आजपासून टेपला सुट्टी. तुम्ही नुसतं बसायचं, मध्ये पडायचं नाही." मास्तर रुसलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होता.

मी पेटीपुढून बाजूला झालो, पण डोकं जाग्यावर नव्हतं. माझी एकही विजार कधी एका पायावर घोळली नाही. म्हणजे हा बाबा जन्मभर डावा पाय बोटभर आखूड बेतत आला, आणि माझ्या पायाचा मलाच पत्ता नाही!

"पुढचं कोण?" मुलानं विचारलं.

पुढं आली एक मुलगी. पहिल्यावहिल्या नोकरीच्या मुलाखतीला कोट हवा होता. शाळेच्या गणवेशापासून मास्तरचंच गिऱ्हाईक. ती हसतहसत पेटीकडे निघाली, आणि मास्तरचा चेहरा पांढराफटक पडला. ताडकन उठला आणि त्यानं भिंतीतली पिनच उपटली. पडदा काळाठिक्कर.

"बाबा! हे काय केलंत?"

"लाइट गेली," मास्तर म्हणाला.

"अहो, डोक्यावर पंखा फिरतोय!"

"मग वारा खा. ये गं पोरी, इकडं ये."

टेप निघाली. उंची त्यानं मोठ्यानं सांगितली. "वाढलीस गं, आता दार उंच करावं लागणार!" पोरगी खुदकन हसली. खांद्यावरून टेप दोनदा फिरली, तेव्हा मात्र आवाज टाचण्यांत गेला. मग खणातून त्यानं कोटाच्या खांद्यात घालायच्या दोन गाद्या काढून ठेवल्या. एक पातळ, एक चांगली जाड.

मी थक्क! पोरीचा एक खांदा उतरता होता. तिला ठाऊक नाही, तिच्या आईलाही नसावं. कुणाची मुलगी ते विचारू नका. सांगितलं तर माझ्यात आणि त्या पेटीत फरक काय राहिला?

मास्तरचा मुलगा त्या दोन गाद्यांकडे बघतच राहिला. पिन त्यानं उचलून हातात घेतली होती, पण ती परत लावायला काही तो गेला नाही. निदान पोरगी दुकानात होती तोवर तरी.

मी घरी आलो तर ही दारातच म्हणाली, "अगंबाई, पाय मुरगळला की काय?" मला राग मास्तरचा आलेला. त्या पोरीचं ठीक, पण मी तर बाकावरचा सोबती! दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत जाऊन उभा राहिलो.

"जन्मभर फसवलंस रे मला," म्हटलं. "एक शब्द सांगायला तुझी जीभ झडली होती?"

मास्तरनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या आणि म्हणाला, "परवापर्यंत सरळ चालत होतास की नाही? काल त्या पेटीनं सांगितलं, आणि तू इथून लंगडत गेलास. मी दारातनं बघत होतो. म्हणून नव्हतं सांगितलं, गाढवा."