अर्जुनाने काढलेला दाखला

अर्जुना गलांडेला अक्षर ठाऊक होतं ते स्वतःच्या सहीपुरतं. पण शाळेचा दाखला कसा काढावा, हे मात्र त्याला मास्तरांपेक्षा चांगलं कळायचं. दिवाळी उरकली की आटपाडीकडची मेंढरं कुंभार्ली घाट उतरून कोकणात जायची, आणि मेंढरांमागं घरातली पोरंही. बाकीचे शाळेला न सांगताच निघायचे. अर्जुना तसा नव्हता. घोडीवर बिऱ्हाड लादायच्या आदल्या दिवशी तो मुंडासं बांधून शाळेत जायचा, स्वप्नालीचा दाखला काढायचा, चिपळूणच्या अंगाला जिथं तळ पडेल तिथल्या शाळेत नेऊन द्यायचा, आणि परतताना तिथला काढून गावच्या शाळेत आणायचा. सात वर्षांत चौदा दाखले. पोरगी एकदाही मागं राहिली नाही.

"दाखला हातात असला की पोरीला कोण दारातनं हाकलत न्हाई," असं तो तळावरच्या सगळ्यांना ऐकवायचा. एवढा अभिमान त्याला मेंढरांचाही नव्हता.

ही पोरगी पुढं सांगलीला इंजिनिअरिंगला गेली. त्यासाठी बँकेनं शैक्षणिक कर्ज दिलं. कर्ज तिच्या नावावर, आणि सोबत सही अर्जुनाची. बँक दरवर्षीची फी परस्पर कॉलेजात भरायची, आणि शिक्षण चालू आहे तोवर हप्ता मागायचा नाही, असा करार. दोन वर्षं सुरळीत गेली. तिसरं वर्ष सुरू होतंय तोच तानुबाई, स्वप्नालीची आई, विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. बाईमाणसाशिवाय तळ चालत नाही. कोकरं बघायची, भाकरी थापायची, दर तीन दिवसांनी बिऱ्हाड मोडून नव्या रानात मांडायचं. ठरवलं ते स्वप्नालीनंच. "वर्षभर थांबते," ती म्हणाली. "कॉलेज काय पळून न्हाई जात." तिनं मिरजेच्या दवाखान्यात, आईच्या खाटेवर वही टेकवून अर्ज लिहिला: आईच्या आजारपणामुळे एक वर्ष खंड मिळावा. अर्ज बापाच्या हातात दिला.

कॉलेजच्या खिडकीत नानासो नावाचा कारकून होता. त्यानं अर्ज घेतला, गठ्ठ्यावर टाकला. अर्जुना हलला नाही.

"आन दाखला?"

"दाखला पाहिजे?"

"मग? त्याबिगर पोरगी गाव कशी सोडंल?"

नानासोनं चष्म्यावरून बघितलं आणि एक फॉर्म सरकवला. "दोघांच्या सह्या आणा."

फॉर्म घेऊन अर्जुना दवाखान्यात परत आला तेव्हा तानुबाईला ऑपरेशनला नेत होते. स्वप्नालीपुढं दवाखान्याचे चार कागद होते, हा पाचवा. तिनं पाचही ठिकाणी सही ठोकली. दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला. अर्जुनानं तो पावाच्या रिकाम्या पिशवीत घातला, वरून दुसरी पिशवी बांधली आणि घोंगड्याच्या घडीत ठेवला. कोकणातला पाऊस, दव, घोडीचा घाम, काही म्हणता काही त्याला लागलं नाही.

पुढच्या जुलैला तानुबाई काठीवर चालायला लागली आणि बापलेक तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी सांगलीच्या बँकेत गेले. प्रवेशाची शेवटची तारीख शुक्रवार. ते बँकेत गेले तो सोमवार होता.

शाखाधिकारी विश्वजीत तरुण होता. त्यानं संगणकात बघितलं आणि हसला. ते हसणं चांगलं नव्हतं.

"फी? तुमचं खातं थकीत आहे. फेब्रुवारीपासून हप्ते चालू झालेत. एकही भरला नाही."

"मी अजून शिकते आहे," स्वप्नाली म्हणाली.

"तुम्ही शिक्षण सोडलंय. कॉलेजनंच कळवलंय, प्रवेश रद्द म्हणून. शिक्षण सोडलं की सवलत संपते, सहा महिन्यांनी वसुली. मेसेज टाकलेत, पत्र टाकलंय."

"आमी घाटाखाली हुतो. रेंज न्हवती," अर्जुना म्हणाला.

"मग रेंजमध्ये राहायचं."

स्वप्नाली बाहेर आली आणि बँकेच्या पायरीवरच बापावर उलटली. "काय केलंत आप्पा? मी खंडाचा अर्ज दिलावता. तुमी नाव काढून आलासा?"

"दाखला काढला. नेमानं काढतो तसा."

"ती चौथीची शाळा हुती! कॉलेजातनं दाखला काढला म्हंजे प्रवेशच संपला. एवढं कळत न्हाई तर गेलासाच कशाला? मेंढरं हाकता तशी माणसं हाकायला निघालासा?"

येणारीजाणारी थांबून बघायला लागली. अर्जुनानं मान खाली घातली. त्या फॉर्मवर तिचीही सही आहे, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं. आईच्या खाटेशेजारी रात्रंदिवस बसलेल्या पोरीच्या तोंडावर तेवढं फेकायचं त्याला जमलं नाही. तीन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही. भाकरीचं ताट आपटून ठेवायची. तानुबाई मधे पडली तर म्हणायची, "तू गप. त्यांच्या हुशारीपायी माझं वर्ष न्हाई, सगळं शिक्षण गेलं."

गुरुवारी दोघं कॉलेजात गेले. नानासो जागेवरच होता, आणि तो काही कमी नव्हता.

"मी काय करणार? मागितलं ते दिलं. मला काय हौस होती का?"

"माझा खंडाचा अर्ज कुठाय?" स्वप्नालीनं विचारलं.

"प्रवेशच रद्द केल्यावर त्या अर्जाला काय अर्थ?"

"मी रद्द केला न्हाई. यांनी केला. वडिलांच्या एकट्याच्या सांगण्यावर तुम्ही प्रवेश रद्द कसा करता? तक्रार करीन मी."

नानासो उठला. कपाटातून फाईल काढून त्यानं तिच्यापुढं आपटली. वर छापील अक्षरात 'प्रवेश रद्द करण्याबाबत', आणि खाली दोन सह्या. एक वाकडी, अर्जुनाची. दुसरी सरळ, झोकदार, खाली रेघ ओढलेली.

"ही कुणाची? बापाची का? कर की तक्रार."

स्वप्नाली त्या सहीकडं बघत राहिली. मग बापाकडं बघितलं. अर्जुना खिडकीच्या गजाकडं बघत होता.

"तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग तीन दिस बोलला का न्हाईसा?"

"तू बोलत हुतीस की."

नानासोला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं. "मूळ दाखला कुठाय?" त्यानं विचारलं. "दुसऱ्या कॉलेजात दिलाय का?"

अर्जुनानं कोपरीच्या आतून पावाची पिशवी काढली, मग तिच्यातली दुसरी. दाखला काल छापल्यासारखा करकरीत. नानासोनं उलटासुलटा करून बघितला. मूळ प्रत परत आली म्हणजे पोरीनं दुसरीकडं प्रवेश घेतलेला नाही, हे सिद्ध झालं. नियमात बसत होतं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण जुना अर्ज गठ्ठ्यातून शोधून काढला आणि दोन्ही घेऊन प्राचार्यांकडं गेला. दुपारी पत्र मिळालं: विद्यार्थिनीला एक वर्षाचा खंड मंजूर, प्रवेश कायम, फी उद्यापर्यंत.

अर्ध्या तासात ते बँकेत होते. विश्वजीतनं पत्र वाचलं, वैतागला, कुणाला तरी फोन केला, आणि शेवटी चार पानांचा करार छापून पुढं केला. पेन्सिलीनं सहा खुणा केल्या.

"इथं, इथं आणि इथं. आधी वडील. लवकर करा, मागं रांग आहे."

अर्जुनानं पेन घेतलं. स्वप्नालीनं ते त्याच्या बोटांतून ओढून काढलं.

"थांबा. आधी वाचते."

"अहो, छापील मजकूर आहे. सगळे त्यावरच सही करतात."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी."

ती खुर्चीत बसली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागली, बापाला ऐकू जाईल असं. मागं एकजण कुरकुरला, "आवं ताई, ही काय पोथी हाय?" ती वाचतच राहिली. दुसऱ्या पानावर थांबली.

"'कर्जदाराने स्वेच्छेने शिक्षण सोडले असल्याने थकीत हप्त्यांची पुनर्रचना करण्यात येत आहे.' हे खोटं आहे. मी शिक्षण सोडलं नाही. कॉलेजनं खंड मंजूर केलाय, म्हणजे फेब्रुवारीचा हप्ताच लागू होत नाही. ही ओळ खोडा."

"ती खोडता येत नाही."

"मग सही होत नाही."

"तुमचीच फी अडेल. नुकसान तुमचंच."

"अडू दे. गेल्या वर्षी न वाचता सही केली, तेवढं नुकसान पुरे झालं."

विश्वजीतचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, अशा लोकांना कर्ज दिलं हीच चूक. अर्जुनाच्या मुठी आवळल्या, पण पोरीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला, तसा तो जागेवरच राहिला. रांगेतली माणसं आता कुरकुरत नव्हती, ऐकत होती. शेवटी विश्वजीतनं ओळ खोडली, वर हातानं 'कॉलेजच्या परवानगीने एक वर्ष खंड' असं लिहिलं आणि शेजारी स्वतःची सही फराटली. पेन टेबलावर फेकलं. स्वप्नालीनं बाकीची दोन पानंही वाचली, मगच बापाला खुणा दाखवल्या.

शुक्रवारी दुपारी फी कॉलेजात जमा झाली. त्या वर्षाचं व्याज मात्र अंगावर पडलं; ते बँकेनं सोडलं नाही, आणि कॉलेजनंही कुठल्या कारकुनाची चूक कागदावर घेतली नाही.

सांगलीच्या स्टँडवर आटपाडीची गाडी लागली. स्वप्नालीनं बापाला खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उभी राहिली. माफी तिनं मागितली नाही. तशी रीतही त्यांच्यात नव्हती.

"औंदा दिवाळीला मेंढरं खाली जातील," अर्जुना खिडकीतून म्हणाला. "तू हितंच ऱ्हा. आमी बघतो."

"बघा."

"आन परीक्षा झाल्यावर दाखला..."

"आप्पा," ती म्हणाली, "त्याचं नाव काढलंसा तर गाडीतनं खाली ओढीन."

गाडी हलली. अर्जुनानं कोपरीत हात घातला. पावाची पिशवी रिकामी होती. तरी त्यानं ती नीट घडी करून परत आत ठेवली.