पाठीवरचे दोन शब्द

"जर्सी उलटी घाल, नाहीतर बाहेर बस," स्पर्धा भरवणारे साहेब म्हणाले. माईकवरून. तो बंद करायची तसदीसुद्धा त्यांनी घेतली नाही. बोईसरच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता. सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी शिट्टी मारली.

माझ्या पाठीवर दोन शब्द होते. खाडी वाचवा. बस. कुणाचं नाव नाही, शिवी नाही. आमच्या गावाच्या खाडीत कारखान्याचं सांडपाणी येतं, मासे पोट वर करून तरंगतात. आई तिथं कालवं काढायची. आता पाय बुडवला तरी अंगाला खाज सुटते. गावानं दिलेले अर्ज कचेरीत पडून आहेत. मग मी बोलू कुठं?

मंडपामागं संघातल्या दोघींनी ओढणी धरली. मी अंग चोरून जर्सी उलटी केली. पोरं माना वर करून बघत होती. मला मरून जावंसं वाटलं.

पण उपयोग झाला नाही. शब्द बाबांनी लिहिले होते, होडीवर नाव घालतात त्या तेलरंगानं. रंग कापडातून आरपार झिरपलेला. अक्षरं उलटी झाली, पण दिसत होती.

साहेब हसले. "कोळ्यांचं काही धुतलं तरी जात नाही. वाससुद्धा."

व्यासपीठावरचे सगळे हसले. मग साहेबांनी एक नवा टीशर्ट माझ्याकडं फेकला. "हा घाल. खेळात राजकारण आणू नकोस." त्यांच्या गळ्यात पक्षाचं उपरणं होतं. मागच्या फलकावर नेत्यांचे हसरे चेहरे.

कप्तान जवळ आली. तिचे वडील साताऱ्याहून इथं कामाला आलेले. ती हळूच म्हणाली, "घाल ना गं. आज जिल्ह्याच्या संघाची निवड आहे."

खोटं कशाला सांगू? मी एक हात बाहीत घातला. सात वर्षं त्या निवडीसाठी गुडघे फोडून घेतले होते. मग छातीवरचं नाव वाचलं. त्याच कारखान्याचं. स्पर्धेचा खर्च त्यांचा होता.

मी हात काढला. टीशर्ट घडी करून पंचांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, कारखाना छातीवर चालतो, मग खाडी पाठीवर का नाय चालत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. पंचांना म्हणाले, "दुसरी मुलगी घ्या."

चढाई मीच करायचे. आम्ही हरलो. आमच्यातून निवड कुणाचीच झाली नाही. कप्तान रडत म्हणाली, "तुझ्या खाडीपायी आमचं वाटोळं झालं. माझे पप्पा त्याच कारखान्यात आहेत, ते मी कुणाला सांगू?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिचं आणि माझं भांडण लावून साहेब मात्र हार घालून घेत होते, हेही विसरणार नाही.

घरी बाबा खाली मान घालून बसले. "माजीच चूक झाली. लिवायलाच नको होतं."

त्या हसण्यापेक्षा हे जास्त लागलं. ज्यांची खाडी मेली त्यांनीच चूक कबूल करायची?

आता साहेबांचा निरोप आलाय. माफीनामा लिहून दे, मगच पुढच्या हंगामात खेळ.

मी देणार नाही. सराव रोज करते. प्रत्येक सामन्याला कपडे घालून, केस बांधून रेषेपाशी उभी राहणार. मला बाहेर काढायचं तर लोकांसमोर काढा, आणि का काढलं ते लोकांसमोरच सांगा.