रंगाखालचा शिक्का

“मॅडम, तुम्ही माझ्या आजोबांना खोटं ठरवताय,” उमेश म्हणाला आणि मेजावरची रायफल त्याने स्वतःकडे ओढली.

मी कुणालाच खोटं ठरवत नव्हते. दस्त्याचं लाकूड नंतरचं आहे, एवढंच मी म्हटलं होतं.

डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली ही त्याची फॅब्रिकेशनची शेड. मी पेडण्याची. म्युझियममध्ये धातूच्या वस्तूंची कॉन्झर्व्हेटर म्हणून काम करते. जुन्या वस्तू नव्या करणं हे माझं काम नाही. त्या आहेत तशा टिकवायच्या आणि त्यातलं मूळ किती, मागाहूनचं किती, ते सांगायचं. उमेशच्या घराण्यातली पोर्तुगीज फौजेची रायफल प्रदर्शनासाठी घ्यायची होती. ती तपासायला मला पाठवलं होतं. लायसन त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आपांच्या नावावर. त्यामुळे आपाही मुळगावहून तिच्यासोबत आले होते आणि दाराशी कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसले होते. त्यांच्या वडिलांनी ती गोवा मुक्तीच्या लढ्यात एका पोर्तुगीज चौकीतून पळवून आणली, असं घरात सगळे सांगत.

रायफल तपासताना मी आधी कडा बघते. कारखान्यातून निघालेल्या लोखंडाच्या कडा धारदार असतात. कुणी पॉलिश पेपर मारला की त्या गोल होतात. मग स्क्रू. त्यांच्या खाचा चेचल्या असतील, तर कुणीतरी चुकीच्या हत्याराने उघडलेत. मग ब्लूइंग. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर मुद्दाम आणलेला काळानिळा पातळ थर म्हणजे ब्लूइंग. जुनं ब्लूइंग जिथे हात लागतो तिथे करडं पडतं आणि जिथे हात पोचत नाही तिथे टिकतं.

ह्या रायफलीवर ब्लूइंग दिसतच नव्हतं. नळीपासून बोल्टपर्यंत काळा ऑइलपेंट. बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा, मागेपुढे सरकणारा दांडा. दस्त्यावर, म्हणजे नळीखालून खांद्यापर्यंत जाणाऱ्या लाकडी भागावर, फर्निचरचं चकचकीत पॉलिश. पण नळी जिथे दस्त्यात बसते तिथल्या फटीतून आतलं लाकूड दिसत होतं, आणि ते पिवळं होतं. फणसाचं. फौजेच्या रायफलीला अक्रोडाचं लाकूड असायचं.

“म्हणजे डुप्लिकेट?” उमेशने विचारलं होतं.

“नाही. लोखंड जुनं वाटतंय. दस्ता गावच्या सुताराने केलेला आहे. रंग तर अगदी अलीकडचा.”

“रंग मीच मारून घेतला. गंज दिसत होता म्हणून. पण पोर्तुगीज राजाच्या मुकुटाचा शिक्का आहे हिच्यावर. मी लहानपणी बोटाने चाचपलाय.”

“असेल. पण आता तो रंगाखाली आहे. मला दिसत नाही ते मी लिहू शकत नाही.”

ह्यावर त्याने रायफल ओढून घेतली होती.

“परशराम!” त्याने हाक मारली. “गॅस आण. रंग जाळून टाकू. मॅडमना शिक्का बघू दे.”

परशराम हा त्याचा बेळगावकडचा वेल्डर. त्याने गॅसच्या दोन्ही रबरी नळ्या ओढत आणल्या आणि वेल्डिंगचा टॉर्च पेटवला. निळी ज्योत फुत्कारू लागली. उमेशने रायफल विटांवर आडवी ठेवली.

“थांबा,” मी म्हटलं. “उष्णतेने शिक्क्याभोवतीचं उरलंसुरलं ब्लूइंगही जाईल.”

“जाऊ दे.”

“आणि हिचं मॅगझिन अजून मी बघितलेलं नाही.”

“सकाळी तुम्हीच बोल्ट उघडलात. नळीत काठी घातलीत. रिकामी आहे म्हणालात.”

“नळी रिकामी आहे म्हणाले. हिचं मॅगझिन नळीच्या खाली, दस्त्याच्या आत आहे. दुसरी लांब नळीच. काडतुसं तिच्यात एकामागे एक बसतात. स्प्रिंग गंजून अडकली, तर बोल्ट उघडूनही ती वर येत नाहीत.”

“इतक्या वर्षांत कोणी गोळी घातली नाही हिच्यात!”

परशराम ज्योत हातात धरून माझ्याकडे आणि मालकाकडे आळीपाळीने बघत होता. मी विटांच्या आणि ज्योतीच्या मध्ये हात घातला. धग मनगटाला लागली.

“मला एकदा बघू द्या. मग काय हवं ते करा.”

उमेशने मान वळवली. मी तेच हो समजले. परशराम दोन पावलं मागे सरकला. दाताचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा माझ्या पिशवीत असतो. बोल्ट मागे घेऊन मी तो आत सरकवला आणि बॅटरी धरली. आधी नुसता काळोख. मग हिरवट गंजाचं एक वर्तुळ. त्याच्या मधोमध तांब्याचा लहान ठिपका. काडतुसाची टोपी. टोपी म्हणजे जिच्यावर ठोका बसला की दारू पेटते ती. मला वाटलं, मी चुकतेय. आरसा पुसून पुन्हा बघितलं.

“परशराम, गॅस बंद करा,” मी म्हटलं. “सिलिंडरवरून बंद करा. आणि बाहेर जा.”

“काय झालं ओ?” परशरामने विचारलं.

“आत काडतूस आहे.”

ज्योत विझली. उमेश जागीच उभा राहिला. ज्या ठिकाणी तो रंग जाळणार होता, ते माझ्या आरशापासून चार बोटांवर होतं. गोळी नळीतून सुटली नसती. काडतूस तापून जागच्या जागी फुटलं असतं, आणि लोखंडाचे तुकडे विटांभोवतीच्या माणसांत घुसले असते.

मी रायफल हलवू दिली नाही. पोलिसांना फोन केला. सगळे बाहेर आले, आपा सोडून.

“तिका हांगा सोडून हांव खंय वचचो ना,” ते म्हणाले. तिला एकटी टाकून ते उठायला तयार नव्हते.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. “आपा, तिला काही होऊ देणार नाही. पण तुम्ही इथे असलात तर मला तिच्याकडे लक्ष देता येणार नाही.”

ते उठले. दाराबाहेर येऊन माझा हात धरला. “बाय, नातवंडां हिच्याकडेन खेळलीं गो. माच्याखाली असायची ती.” खाटेखाली ठेवलेल्या ह्या रायफलीशी त्यांची नातवंडं खेळली होती.

उमेशने हे ऐकलं. तो शेडच्या भिंतीला टेकून खालीच बसला.

पोलिसांबरोबर दारूगोळ्याचे जाणकार आले. त्यांनी दस्ता सोडवला आणि मॅगझिन वेगळं केलं. आत तीन काडतुसं निघाली. दोन कुजली होती. तिसऱ्यातली दारू कोरडी होती. ती काडतुसं ते घेऊन गेले. तपासणीचे सोपस्कार पुरे झाल्यावर रायफल माझ्याकडे आली.

मी रंग कापसाच्या बोळ्याने, सॉल्व्हंट लावून, थोडा थोडा काढला. उमेश बघायला आला होता. मुकुट होता. रंगाआधी मारलेल्या पॉलिश पेपरने त्याची वरची बाजू झिजली होती, खालची शाबूत होती. नळीवरचा आणि बोल्टजवळचा नंबर जुळला. दस्त्याखाली झाकलेल्या भागात मूळ ब्लूइंग अजून निळसर होतं. मी लिहिलं: धातू मूळ, दस्ता स्थानिक दुरुस्तीचा, पृष्ठभाग अलीकडे घासून रंगवलेला. आजोबांनी ती चौकीतून आणली की नाही, ते लोखंड सांगत नाही. तेही लिहिलं.

“पुन्हा काळी करायची नाही?” उमेशने विचारलं.

“नाही.”

“गंज दिसेल.”

“दिसू दे. वाढू देणार नाही मी.”



जुनी बंदूक अस्सल कशी ओळखायची, असं लोक मला अजून विचारतात. मी सांगते, आधी ती रिकामी आहे का बघा. नकली निघाली तर फार तर अपमान होतो.