खोक्यातली मारिसेल

शेजारच्या उघड्या गॅरेजमध्ये एक भलंमोठं पुठ्ठ्याचं खोकं आडवं पडलं होतं आणि त्यातून जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेले दोन पाय बाहेर आले होते. मुलाकडे परदेशात, टाकानिनीत, नुकतीच राहायला आलेली मी, कचऱ्याची बिन आत ओढता ओढता किंचाळले, "आर यू ओके?"

"पाय हलतायत ना? मग ठीक आहे!" खोकं बोललं.

ही मारिसेल. फिलिपिन्सची चित्रकार, चाळिशीची. ईस्ट टामाकीच्या एका गोदामात शिफ्ट करायची आणि उरलेल्या वेळात खोक्यात शिरायची. परदेशी राहणारी त्यांची माणसं साबण, डबे, कपडे खोक्यात कोंबून बोटीनं घरी पाठवतात. मारिसेल आधी खोक्याच्या आतल्या बाजूंवर चित्र करायची, मग सामान भरायची. तिकडे खोकं रिकामं करून कोपरे कापले, की भिंतीला टेकवायला चित्र तयार.

"म्हणजे आधी साबण, मग कला," मी म्हणाले.

"साबण नसेल तर खोकं उघडणार कोण, लोला?" लोला म्हणजे त्यांच्याकडे आजी.

तिला शांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. पुठ्ठ्यावर भिंतीचा उरलासुरला रंग फासायची, तो ओला असतानाच वाळू दाबायची. पातळ, अर्धपारदर्शक शिंपले चिकटवायची. त्यांच्या जुन्या खिडक्यांना काचेऐवजी तेच असतात म्हणे. जाड सुतानं टाके घालायची आणि आवडले नाहीत की टराटरा उसवायची. मध्येच ब्रश तोंडात धरून ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत जाऊन यायची. "सरळ रेषा झोपलेली असते, लोला. तिला उठवावं लागतं." फोनवर ती मला तिकडच्या मित्रमंडळींची कामं दाखवायची. एकानं जुन्या चपलांची भिंत उभारलेली, एकीनं प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून चटईत अख्खं गाव बसवलेलं. "बरं, आणि यातलं चित्र कुठलं?" मी विचारायची. "आय नाको!" म्हणून ती कपाळाला हात लावायची.

तिचं काय चुकलं? मी इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत 'ए' ग्रेड मिळवलेली मुलगी. त्या मुलीइतका आगाऊ प्राणी तेव्हा पुण्यात दुसरा नसेल. रांगोळीचे ठिपके फूटपट्टीनं मोजायची आणि पितळी तांब्याच्या सावलीवर मैत्रिणींना व्याख्यानं द्यायची. प्रमाणपत्र फ्रेम करून दिवाणखान्यात, चित्रं माळ्यावर.

त्या वर्षी मारिसेल आईसाठी खोकं करत होती. आईची नजर झपाट्यानं चालली होती. "थोडं दिसतंय तोवर पोचायला हवं. आत्ता डोळ्यांनी बघेल, मग बोटांना आठवत राहील." गावातलं घर, लाल छप्पर, अंगणापुढचा समुद्र, सगळं हाताला लागेल असं.

नेमकी तेव्हाच एका गॅलरीची बाई आली. खोक्यात डोकं घातलं ते बराच वेळ बाहेरच येईना. प्रदर्शनात हेच हवं, म्हणाली. आणि बोटीचं सामान न्यायला गाडी येणार होती शुक्रवारी.

मारिसेलच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. माझ्यातली ए ग्रेडवाली ताडकन उठली. "अगं, नाव होईल तुझं! आईला पुढच्या बोटीनं पाठव."

"पुढच्या बोटीपर्यंत आईचे डोळे थांबतील, लोला?"

तिनं माझ्या हातात सुई दिली. "समुद्र राहिलाय."

माझ्या जुन्या निळ्या सुती साडीचा समुद्र झाला. गोधडीला घालतात तसा धावदोरा मी घालू लागले, एकसारखा, शिस्तीत. "समुद्र आहे हा, शाळेची वही नाही! हात सोड!" हात काही सुटेना. गाडी दारात आली तेव्हाही मी आतच होते; तिनं मला ओढून काढलं आणि साबण भरले.

बोट पाण्यात असेपर्यंत आम्हा दोघींना चैन नव्हतं. ती नवं खोकं सुरू करायची, फाडायची. मी उगाच तिच्या आईच्या गावचं हवामान बघत बसायची. गॅलरीत दुसऱ्या कुणाचं चित्र लागलं. आम्ही फिरकलो नाही.

शेवटी व्हिडिओ कॉल आला. आईनं पुठ्ठ्याला नाक लावलं, छपरावर बोट ठेवून काहीतरी ओरडली. "लाल म्हणतेय! दिसतंय तिला!" मारिसेल फोन घेऊन गॅरेजभर नाचली. मग आईनं डोळे मिटले आणि हात फिरवत राहिली. समुद्रापाशी बोटं थबकली. आई काहीतरी पुटपुटली आणि मारिसेल हसत सुटली.

"काय म्हणाल्या?"

"विचारतेय, इथं कुणी पाहुणी बसली होती का? फार घाबरत घाबरत शिवलंय."

गेली माझी ए ग्रेड!

मारिसेल आता दूर हॉर्नबीला राहायला गेली. पायाला भिंगरीच. जाताना माझ्यासाठी एक कोरं खोकं ठेवून गेली. परवा सूनबाई फार्मसीतून घरी आली आणि गॅरेजच्या दारातच ओरडली, "आई! ठीक आहात ना?"

सुई दातांत होती, म्हणून नुसते पाय हलवले.